तापमानाचे जुने अंश आणि नवे अंश



म्हैसूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर वसलेले आहे. या शहरातील कोणत्याही स्वयंपाकघरात उघड्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्याच्या वाफेत अचूक तापमापक धरला, तर पारा १०० अंश सेल्सिअसपर्यंत चढत नाही. तो साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास थांबतो. चामुंडी टेकडी शहरापेक्षा सुमारे ३०० मीटर उंच आहे. तिच्या माथ्यावर हाच प्रयोग केल्यास पारा आणखी साधारण एक अंश खाली राहील. शाळेच्या पुस्तकात मात्र पाणी १०० अंशांवर उकळते असे छापलेले असते. पुस्तक चुकीचे नाही. त्यातील वाक्य समुद्रसपाटीवरील वातावरणीय दाबाला अनुलक्षून लिहिलेले आहे, इतकेच.

या साध्या उदाहरणावरून एक गोष्ट लक्षात येते. तापमानाचा आकडा एकटा कधीच पुरेसा नसतो. तो कोणत्या मापक्रमातील आहे, कोणत्या उपकरणाने घेतलेला आहे आणि कोठे घेतलेला आहे, हे कळल्यावाचून त्याला अर्थ येत नाही. आजच्या काळातही एकाच घरात दोन मापक्रम नांदत असतात. मुलाला १०१ अंश ताप आहे असे आई सांगते तेव्हा ते अंश फॅरनहाइटचे असतात. आज ३३ अंश तापमान होते असे बातम्यांत ऐकू येते तेव्हा ते सेल्सिअसचे असतात. घरात यामुळे गोंधळ होत नाही, कारण संदर्भ सर्वांना ठाऊक असतो. परंतु शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचा कागद हाती येतो तेव्हा संदर्भ सांगणारे कोणी उरलेले नसते. अशा कागदावरील अंश आजच्या अंशांत कसे आणावेत, आणि ते आणताना कोठे फसगत होते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

मापक्रमांची कुळकथा

लांबी मोजायला हात होता आणि वजन करायला धान्याचा दाणा होता. उष्णतेला मात्र असे नैसर्गिक माप सापडत नव्हते. सतराव्या शतकातील शास्त्रज्ञांनी नळीतील द्रव वर चढतो व खाली उतरतो हे पाहिले होते, परंतु एकाची नळी दुसऱ्याच्या नळीशी जुळत नसे. दोन ठिकाणच्या उष्णतेची तुलना करायची तर सर्वांना सारख्याच सापडतील अशा दोन स्थिर अवस्था निवडणे आणि त्यांच्यामधील अंतराचे समान भाग करणे भाग होते.

कोपनहेगनचा ज्योतिर्विद ओले रोमर याने अठराव्या शतकाच्या आरंभी असा एक मापक्रम तयार केला. त्यात पाणी साडेसात अंशांवर गोठे आणि ६० अंशांवर उकळे. १७०८ मध्ये डानियेल गाब्रिएल फॅरनहाइट रोमरला भेटला. अपूर्णांकांचा त्रास टाळून त्याने अंश अधिक बारीक केले आणि १७२४ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला त्याने शून्य अंश दिला, बर्फ-पाण्याच्या मिश्रणाला ३२ आणि निरोगी माणसाच्या शरीराला ९६. पुढे उकळत्या पाण्याचा बिंदू २१२ वर निश्चित झाला. गोठणबिंदू आणि उत्कलनबिंदू यांच्यामध्ये १८० अंश आले ते असे.

फ्रान्समध्ये रेओम्यूर याने १७३० मध्ये वेगळा मार्ग धरला. गोठणबिंदूला ज्या मद्यार्काचे १,००० भाग भरतात त्याचे पाण्याच्या उत्कलनबिंदूला १,०८० भाग व्हावेत, अशी योजना करून त्याने ८० अंश मिळविले. सेंट पीटर्सबर्ग येथे काम करणारा फ्रेंच ज्योतिर्विद दलील याने तर उकळत्या पाण्याला शून्य मानले आणि अंश खालच्या दिशेने मोजले. त्याच्या मापक्रमात पुढे गोठणबिंदू १५० वर ठरविण्यात आला. म्हणजे थंडी वाढली की आकडा वाढे. स्वीडनमधील आंडर्स सेल्सिअस याने १७४२ मध्ये १०० अंशांचा मापक्रम मांडला, तोही असाच उलटा होता: उत्कलनबिंदूला शून्य आणि गोठणबिंदूला १००. सेल्सिअस १७४४ मध्ये वारला आणि त्यानंतर त्याच्या देशात मापक्रम सुलटा करण्यात आला. दीर्घकाळ त्याला सेंटिग्रेड म्हणत. सेल्सिअस हे नाव १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यतेने रूढ झाले.

येथे देवनागरीत वाचणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. रोमर आणि रेओम्यूर ही दोन वेगळ्या माणसांची नावे आहेत, परंतु आपल्याकडे रेओम्यूरचे नावही अनेकदा रोमर असेच लिहिले जाते. ‘रोमरचे ६० अंश’ असे वाक्य आढळले तर एकाच्या हिशेबाने ते उकळते पाणी आहे आणि दुसऱ्याच्या हिशेबाने ते ७५ अंश सेल्सिअस आहे.

रूपांतराचे अंकगणित

मापे बदलण्याची सवय भारतीय लोकांना नवी नाही. शेराचे किलो करताना एका संख्येने गुणले की काम भागते, कारण शून्य शेर म्हणजे शून्य किलोच. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले तेव्हा आण्यांचे हिशेबही असेच गुणाकाराने झाले. शकाचे इसवी सन करताना गुणावे लागत नाही. वर्षाची लांबी जवळजवळ तीच असल्यामुळे ७८ मिळविले की पुरते, आणि वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांसाठी ७९. म्हणजे पहिल्या प्रकारात एकक बदलते आणि आरंभ तोच राहतो. दुसऱ्या प्रकारात आरंभ बदलतो आणि एकक तेच राहते. फॅरनहाइटचे सेल्सिअस करताना ही दोन्ही कामे एकदम करावी लागतात. विद्यार्थ्यांना हे रूपांतर अवघड वाटते त्याचे कारण एवढेच आहे.

प्रथम आरंभ जुळवावा, म्हणजे ३२ वजा करावेत. मग एकक जुळवावे, म्हणजे ५ ने गुणून ९ ने भागावे. ८६ अंश फॅरनहाइटमधून ३२ गेले, ५४ उरले. त्यांचे पाच-नवमांश ३०. म्हणून ८६ अंश फॅरनहाइट म्हणजे ३० अंश सेल्सिअस. उलट जाताना क्रमही उलटा: ९ ने गुणून ५ ने भागावे आणि नंतर ३२ मिळवावेत. आणखी एक सोपी रीत आहे. उणे ४० हा आकडा दोन्ही मापक्रमांत एकच आहे. म्हणून दिलेल्या आकड्यात ४० मिळवावेत, योग्य अपूर्णांकाने गुणावे आणि ४० वजा करावेत. या रीतीत दोन्ही दिशांना पायऱ्या त्याच राहतात, फक्त अपूर्णांक उलटा होतो.

रेओम्यूरचे अंश सव्वापट केले की सेल्सिअस मिळतात, कारण दोन्हींचे शून्य एकच आहे. दलीलच्या अंशांचे दोन-तृतीयांश १०० मधून वजा करावेत. ओले रोमरच्या अंशांतून साडेसात वजा करून बाकीला ४० ने गुणावे व २१ ने भागावे. म्हैसूरच्या पातेल्यातील उकळते पाणी या सर्व मापक्रमांत मांडले तर ते सेल्सिअसने सुमारे ९७.४, फॅरनहाइटने २०७.३, रेओम्यूरने ७७.९ आणि दलीलने ३.९ इतके भरते. आकडे चार, पाणी एकच.

या अंकगणितात एक चूक वारंवार आढळते. तापमान आणि तापमानातील फरक या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखाद्या दिवसाच्या कमाल व किमान तापमानांत २० अंश फॅरनहाइटचा फरक असेल, तर तो ११.१ अंश सेल्सिअस आहे. येथे ३२ वजा करायचे नाहीत, कारण वजाबाकी करतानाच आरंभ निघून गेलेला असतो. नियम यंत्रवत् लावणारा माणूस येथेही ३२ वजा करतो आणि त्याला उणे ६.७ असे उत्तर मिळते. दिवस रात्रीपेक्षा थंड होता असा त्याचा अर्थ होईल. उत्तर इतके विचित्र असेल तर चूक ध्यानात येते. पण दोन अंश सेल्सिअसची वाढ ३५.६ अंश फॅरनहाइट म्हणून छापली गेली, तर ज्याला फॅरनहाइटचा सराव नाही अशा वाचकाच्या ती लक्षात येतेच असे नाही. खरा आकडा ३.६ आहे.

साखळीची लांबी आणि पृथ्वीचा आकार

अंशांतील लहानसा फरक किती दूरवर जातो याचे उदाहरण म्हैसूर प्रदेशातच आहे. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले. त्या मोहिमेत असलेल्या विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने लवकरच द्वीपकल्पाच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची योजना मांडली आणि १८०० मध्ये बंगलोरजवळ सुमारे साडेसात मैल लांबीची पायारेषा मोजली. यासाठी त्याच्याजवळ लंडनच्या रॅम्सडेनने बनविलेली १०० फूट लांबीची पोलादी साखळी होती. ही साखळी मॅकार्टनीच्या शिष्टमंडळाबरोबर चीनच्या सम्राटाला नजर करण्यासाठी गेली होती. तेथे तिचा स्वीकार झाला नाही आणि ती हिंदुस्थानात आली.

पोलाद तापले की लांबते. १०० फुटांची साखळी एक अंश फॅरनहाइटला इंचाच्या हजार भागांपैकी जेमतेम आठ भाग वाढते. केसाच्या जाडीची ही वाढ क्षुल्लक वाटते. परंतु साडेसात मैलांत ती साखळी जवळजवळ चारशे वेळा मांडावी लागते, आणि एका अंशाची चूक तेथे सुमारे तीन इंचांची होते. इंग्रजी लांबीचे प्रमाण ६२ अंश फॅरनहाइटला मानले जाई. मोजणीच्या वेळी साखळीचे सरासरी तापमान ८२ अंश असेल आणि त्याची दुरुस्ती केली नाही, तर पायारेषेत पाच फुटांचा फरक पडेल. पुढील सर्व त्रिकोण त्या एका रेषेवर उभे राहणार असल्यामुळे तीच चूक त्या प्रमाणात प्रत्येक अंतरात शिरेल. म्हणूनच अशा मोजणीत साखळीच्या बाजूने तापमापक ठेवीत.

अशा मोजणीचा उपयोग पृथ्वीचा आकार ठरविण्यासाठी होणार होता आणि त्यासाठी हिंदुस्थानातील मापांची फ्रान्स व पेरू येथील मापांशी तुलना करणे आवश्यक होते. फ्रेंचांचे माप म्हणजे पेरूच्या मोहिमेत वापरलेली लोखंडी ‘त्वाज’. तिची लांबी १३ अंश रेओम्यूरला प्रमाण मानलेली होती. १३ ची सव्वापट १६.२५ अंश सेल्सिअस होते. ६२ अंश फॅरनहाइट म्हणजे १६.६७ अंश सेल्सिअस. दोन्ही राष्ट्रांनी सुखद हवेच्या दिवसाचे तापमान निवडले होते, पण ते तंतोतंत एक नव्हते. फरक ०.४२ अंश सेल्सिअसचा. मध्यान्हरेषेवरील एक अंशाचे अंतर सुमारे ११० किलोमीटर असते. तेवढ्या लांबीत लोखंडाच्या मापाचा हा फरक अर्ध्या मीटरच्या घरात जातो. मीटरचे प्रमाण तर शून्य अंश सेल्सिअसला धरलेले होते. तेथे तापमानाची दुरुस्ती विसरल्यास त्याच अंतरात सुमारे २१ मीटरचा घोटाळा होईल.

याच उदाहरणात आणखी एक अडचण दडलेली आहे. रेओम्यूरचा मूळ तापमापक मद्यार्काचा होता. मद्यार्क पाऱ्याप्रमाणे सम प्रमाणात प्रसरण पावत नाही. नंतर, विशेषतः जिनिव्हाच्या दलुक याच्या कामानंतर, ८० अंशांचे पाऱ्याचे तापमापक प्रचारात आले आणि त्यांनाही रेओम्यूरचेच नाव राहिले. सव्वापटीचा नियम या नव्या तापमापकांना बरोबर लागू पडतो, जुन्यांना केवळ स्थूलमानाने. म्हणून अठराव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या फ्रेंच नोंदी वाचताना नळीत काय होते हे प्रथम विचारले पाहिजे.

रेशमाच्या किड्यांचे अंश

म्हैसूर म्हटले की रेशीम आठवते. टिपू सुलतानाच्या काळात या प्रदेशात रेशीम उद्योगाला चालना मिळाली. पुढे किड्यांच्या रोगांमुळे धंदा खालावला, आणि १८६० च्या दशकात द वेक्की नावाच्या इटालियन गृहस्थाने जपानी अंडी आणवून तो सावरण्याचा प्रयत्न केला. त्या काळी रेशीमशास्त्रातील पुष्कळसे ज्ञान इटालियन आणि फ्रेंच भाषांत होते, आणि त्या ग्रंथांतील अंश रेओम्यूरचे असत. काउंट दांदोलो याने १८१५ मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध ग्रंथात अंड्यांतून बाहेर पडलेल्या किड्यांसाठी पहिल्या अवस्थेत १९ अंश उष्णता राखण्यास सांगितले आहे. नंतर ती हळूहळू १६-१७ अंशांपर्यंत खाली आणावयाची असते.

हे १९ अंश सेल्सिअसचे समजले तर काय होईल? रेओम्यूरचे १९ अंश म्हणजे २३.७५ अंश सेल्सिअस, अथवा जवळजवळ ७५ अंश फॅरनहाइट. सेल्सिअसचे १९ अंश म्हणजे केवळ ६६ अंश फॅरनहाइट. एवढ्या थंडीत कोवळ्या किड्यांची भूक मंदावते, कात टाकण्यास उशीर होतो आणि एकाच ताटातील किडे मागेपुढे वाढू लागतात. तुतीचा पाला, मजुरी आणि महिनाभराचे कष्ट एका चुकीच्या अक्षरापायी वाया जातात. आकडा बरोबर उतरवून घेतला होता, असे म्हणून शेतकऱ्याचे नुकसान भरून निघत नाही.

परंतु रूपांतर बिनचूक झाले तरी प्रश्न संपत नाही. दांदोलोचे किडे उत्तर इटलीतील होते आणि वर्षातून एकच पिढी देत. म्हैसूरची स्थानिक जात, जिला ‘शुद्ध म्हैसूर’ म्हणतात, वर्षातून अनेक पिढ्या देते आणि उष्ण हवेला सरावलेली आहे. आज म्हैसूर येथेच केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आपल्याकडील किडेपालनात कोवळ्या किड्यांना, म्हणजे चॉकी अवस्थेत, २६ ते २८ अंश सेल्सिअस उष्णता व दमट हवा देतात, आणि मोठ्या किड्यांना साधारण २४-२५ अंश. इटालियन ग्रंथातील पावणेचोवीस अंश हे रूपांतर म्हणून निर्दोष आहे; म्हैसूरसाठी सल्ला म्हणून ते अपुरे आहे. अंश एका मापक्रमातून दुसऱ्यात नेता येतात, पण एका प्राण्याची गरज दुसऱ्या प्राण्याला गणिताने चिकटविता येत नाही.

जेथे सूत्रच फसते

काही जुने मापक्रम असे आहेत की त्यांचे सूत्र उपलब्ध असूनही ते वापरू नये. भट्टीतील उष्णता पाऱ्याने मोजता येत नाही, कारण पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. इंग्लंडमधील प्रसिद्ध कुंभार-कारखानदार जोसाया वेजवूड याने १७८२ मध्ये यावर एक युक्ती काढली. ठरावीक आकाराची मातीची खुंटी भट्टीत ठेवायची, बाहेर काढून थंड करायची आणि ती किती आकसली हे निमुळत्या खाचेत सरकवून पाहायचे. आकसण्यावरून त्याने अंश ठरविले आणि त्यांची फॅरनहाइटशी सांगडही घातली: वेजवूडचा शून्य अंश म्हणजे १,०७७.५ अंश फॅरनहाइट, आणि पुढील प्रत्येक अंश म्हणजे १३० अंश फॅरनहाइट.

त्याच्या मापक्रमात बीड वितळण्याचा बिंदू १३० अंश दिला आहे. सूत्र लावून पाहिले तर हे १७,९७७ अंश फॅरनहाइट होते, म्हणजे जवळजवळ दहा हजार अंश सेल्सिअस. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस आहे. बीड प्रत्यक्षात साधारण १,१५० ते १,२०० अंश सेल्सिअसला वितळते. वेजवूड हा अप्रामाणिक किंवा निष्काळजी माणूस नव्हता. त्याची खुंटी त्याच्या कारखान्यात भट्टीची भट्टीशी तुलना करण्यास उपयोगी पडे. परंतु मातीचे आकसणे उष्णतेच्या सम प्रमाणात होत नाही आणि ती किती वेळ भट्टीत राहिली यावरही ते अवलंबून असते.

म्हैसूरच्या संदर्भात हे महत्त्वाचे आहे. फ्रान्सिस बुकनन याने १८००-०१ च्या प्रवासात म्हैसूर राज्यातील लोखंड व पोलाद तयार करणाऱ्या भट्ट्यांचे वर्णन केले आहे. मातीच्या मुशींत लोखंड आणि वनस्पतिद्रव्य बंद करून केलेले हे पोलाद युरोपात ‘वुट्झ’ म्हणून गाजले. तो शब्द कन्नडमधील ‘उक्कु’ या शब्दापासून आला असे मानले जाते. त्या काळच्या युरोपीय लेखनात भट्टीच्या उष्णतेचे आकडे अनेकदा वेजवूडच्या अंशांत असतात. ते आज सूत्राने बदलणाऱ्याच्या हाती मोठी पण निरर्थक संख्या येईल. तेथे मुशीच्या अवशेषांची आणि पोलादाच्या घडणीची तपासणी हाच खरा आधार आहे.

खोटी सूक्ष्मता

रूपांतराने आकड्यात एक फसवी बारकाई येते. एकोणिसाव्या शतकात जर्मन वैद्य वुंडरलिख याने असंख्य रुग्णांची तापमाने घेऊन निरोगी शरीराचे सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस सांगितले. हा पूर्णांकात सांगितलेला आकडा होता. त्याचे फॅरनहाइट केले तेव्हा ९८.६ असे झाले. दशांश चिन्हानंतरचा सहा हा माणसाच्या शरीरात कोणी पाहिलेला नव्हता. तो गुणाकारातून निघाला होता. तरीही अनेक पिढ्यांनी ९९ अंश दिसताच मुलाला अंथरुणात निजविले. प्रत्यक्षात निरोगी माणसाचे तापमान माणसागणिक आणि दिवसाच्या प्रहरागणिक या आकड्याच्या दोन्ही बाजूंना सहज सरकते.

उलट दिशेचे उदाहरण अन्नतंत्रात सापडते. म्हैसूर येथे १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था कार्य करीत आहे. डबाबंद अन्नाचे निर्जंतुकीकरण हा या शास्त्राचा एक पायाभूत विषय आहे आणि त्यात १२१.१ अंश सेल्सिअस हा आकडा जगभर आढळतो. या ०.१ अंशात निसर्गाचे काही गूढ नाही. जुन्या तंत्रज्ञांनी सोयीसाठी २५० अंश फॅरनहाइट हा सुटसुटीत आकडा धरला होता, १२१.१ ही त्याची केवळ नव्या मापक्रमातील सावली आहे.

याच्या उलट, पूर्णांकात बदल केल्याने माहिती हरवतेही. ८२ अंश फॅरनहाइट म्हणजे २७.८ आणि ८३ म्हणजे २८.३ अंश सेल्सिअस. दोन्ही पूर्णांकात लिहिले की २८ होतात. दोन वेगळे दिवस एक होऊन जातात आणि ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत. म्हणून मूळ नोंद कधीही पुसू नये. नवा आकडा तिच्या शेजारी लिहावा.

वेधशाळेच्या नोंदवह्या

आता ज्या प्रश्नासाठी हा सर्व खटाटोप करावा लागतो त्याकडे वळता येईल. म्हैसूरचे वृद्ध लोक सांगतात की पूर्वी शहराची हवा अधिक थंड होती. पुण्यात आणि नाशिकातही हेच ऐकू येते. हे खरे आहे की आठवणीचा गोडवा आहे, हे ठरविण्याचे साधन जुन्या नोंदवह्यांशिवाय दुसरे नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ मध्ये झाली; बाळशास्त्री जांभेकर आणि केरो लक्ष्मण छत्रे या मराठी विद्वानांनी तेथे काम केले. अखिल भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. म्हैसूर संस्थानाने १८९० च्या दशकाच्या आरंभी बंगलोर, म्हैसूर, हासन आणि चित्रदुर्ग येथे निरीक्षणकेंद्रे उभारली; बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजचे प्राचार्य जॉन कुक यांच्याकडे त्यांची देखरेख होती. या सर्व नोंदी फॅरनहाइटमध्ये आहेत. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धती आली आणि हवामानाचे आकडे सेल्सिअसमध्ये येऊ लागले.

फॅरनहाइटचे सेल्सिअस करणे ही या तुलनेतील सर्वांत सोपी पायरी आहे. त्यापुढे आणखी चार गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, जुन्या काचेचा फुगा वर्षांगणिक किंचित आकसतो आणि पारा असावा त्यापेक्षा वर दिसू लागतो. त्यासाठी तापमापक वितळत्या बर्फात धरून पाहतात. म्हैसूरसारख्या उंच ठिकाणी या परीक्षेचा विशेष उपयोग आहे, कारण उत्कलनबिंदू दाबाप्रमाणे बदलतो, पण बर्फाचा विलयबिंदू जवळजवळ बदलत नाही. दुसरी, तापमापक कोठे टांगलेला होता. भारतात पूर्वी तो गवताने शाकारलेल्या उघड्या मांडवाखाली ठेवीत. नंतर झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवू लागले. दोन्हींतील वाचने सारखी नसतात. तिसरी, वेळ. म्हैसूरचा स्थानिक मध्यम काळ भारतीय प्रमाण वेळेच्या सुमारे २३ मिनिटे मागे आहे. जुनी नोंद स्थानिक वेळेची असेल तर तिचे सकाळचे आठ म्हणजे आजचे आठ वाजून २३ मिनिटे. सकाळी एवढ्या वेळात पारा चांगलाच चढतो. चौथी, केंद्राभोवती शेत होते की आता इमारती आहेत.

उंबरठ्यांविषयीही जपावे लागते. ९५ अंश फॅरनहाइट म्हणजे बरोबर ३५ अंश सेल्सिअस; त्याहून उष्ण दिवसांची मोजणी दोन्ही काळांत करता येते. परंतु जुन्या अहवालातील १०० अंश फॅरनहाइटवरील दिवस आणि आजच्या अहवालातील ३८ अंश सेल्सिअसवरील दिवस यांची तुलना करता येणार नाही. १०० अंश म्हणजे ३७.८ आणि ३८ अंश म्हणजे १००.४. मधल्या पट्टीत पडणारे दिवस एका यादीत येतील आणि दुसरीतून गळतील. आणि हवा थंडावली असे खोटेच दिसेल.

पृथ्वीची सरासरी उष्णता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एक अंश सेल्सिअसहून अधिक वाढली आहे, हे जगभरच्या नोंदींवरून सिद्ध झाले आहे. ही वाढ फॅरनहाइटने सुमारे दोन अंश आहे. जुन्या तापमापकाची काच, गवताचा मांडव आणि बदललेली वेळ यांतील प्रत्येकाने होणारी चूक याच मापाची असू शकते. म्हणून एखाद्या एका गावाच्या दोन आकड्यांवरून हवा तापली किंवा निवाली असे म्हणणारा माणूस, त्याचे म्हणणे योगायोगाने खरे ठरले तरी, पुरावा देत नसतो.

मापक्रमही अंतिम नसतात. १९९० च्या आंतरराष्ट्रीय मापक्रमानुसार समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबालाही पाणी १०० वर नव्हे, तर ९९.९७ अंशांच्या जवळ उकळते. २०१९ मध्ये केल्व्हिन या एककाची व्याख्याही पाण्याच्या बिंदूवरून काढून बोल्ट्झमन स्थिरांकावर आधारण्यात आली. दोनशे वर्षांनी आजचे अंशही कोणाला तरी रूपांतरित करावे लागतील. त्या वाचकासाठी आजच्या नोंद ठेवणाऱ्याने चार शब्द अधिक लिहावेत: मापक्रमाचे नाव, उपकरण, जागा आणि वेळ. म्हैसूर, बंगलोर, हासन आणि चित्रदुर्ग येथील ज्या निरीक्षकांनी रोज ठरल्या वेळी मांडवाखाली जाऊन पारा वाचला, त्यांचे श्रम आज उपयोगी पडतात ते त्यांनी हे चार शब्द जेथे जेथे लिहून ठेवले तेथेच.